चेंडू घेऊन पळू नका!

चला, लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर चढवा. खाली करडी, घोट्यापर्यंतची विजार. हाफ पँट शोधू नका. 1891 चा डिसेंबर आहे, गाव अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेनं तुम्हाला व्यायामशाळेत कोंडलंय.

आत तुमच्यासकट अठरा जण, बहुतेक मिशाळ, रोजच्या कवायतीला विटलेले. मास्तर जेम्स नेस्मिथ यांनी 13 नियमांचा कागद फळ्यावर लावलाय. वर बघा. सज्जाच्या कठड्याला, 10 फुटांवर, पीचच्या टोपल्या ठोकल्यात. मास्तरांनी शिपायाकडे मागितली होती खोकी, हाती आल्या टोपल्या!

एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. फुटबॉलचा चेंडू मध्ये उडाला आणि नेमका तुमच्या हातात आला. पळालात? फाउल! टप्पे टाकत पुढे सरकायची युक्ती अजून कुणाला सुचलेली नाही. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. पण फेकणार कुणाकडे? समोर नुसते हातच हात. बरगडीत कोपर, कानाशी कुणाची तरी धाप, नाकात घामेजलेल्या लोकरीचा उग्र दर्प. फळ्यांची जमीन बुटांखाली दणाणतेय. ‘इकडे, इकडे!’ चौघं एकदम ओरडतात.

चेंडू सीमेबाहेर गेला की जो आधी हात लावेल त्याचा. मग काय, झुंबड! सज्जात गेला तर जिन्यावर रेटारेटी. तुमचा गुडघा सोलवटलाय, पण थांबायला सवड कुणाला आहे?

तेवढ्यात विल्यम चेसनं सुमारे 25 फुटांवरून चेंडू भिरकावला. थेट टोपलीत! जल्लोष करा, पण दम धरा. टोपलीला बूड आहे, चेंडू आतच बसलाय. शिडी आणल्याशिवाय तो खाली यायचा नाही.

सामना संपला. 1-0. अंग ठणकतंय, तरी उद्या पुन्हा खेळायचं, यावर सगळ्यांचं एकमत. शेजारी धापा टाकणाऱ्या डंकन पॅटनशी हात मिळवा आणि ओळख ठेवा: काही वर्षांतच हा गडी बास्केटबॉल भारतात घेऊन येणार आहे.