पिंपरी ते चाकण : सत्तर वर्षांचा हिशेब



एखाद्या प्रदेशाची भरभराट झाली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय झालेले असते? धुराडी वाढतात, रस्ते रुंद होतात, जमिनीचे भाव चढतात. ही तर उघड दिसणारी लक्षणे झाली. परंतु जगाच्या बाजाराचे वारे फिरले म्हणजे ह्यांतले टिकते काय आणि उडून जाते काय, हा खरा प्रश्न आहे. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयाच्या बाकावर जे शिकलो, त्याच्या आधारे पिंपरी ते चाकण ह्या पट्ट्याचा हिशेब आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत.

ह्या पट्ट्यातील पहिल्या मोठ्या कारखान्याला हातभार लागला तोच मुळी जगाचा. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांनी तज्ज्ञ व यंत्रसामग्री देऊन मदत केली आणि 1955 साली येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे येथल्याच प्रयोगशाळेत हमायसिन हे बुरशीरोगावरील नवे औषध शोधले गेले. माळरानावरच्या कारखान्याने जगाकडून विद्या घेतली आणि तीत स्वतःची भर घातली. परंतु नव्वदीच्या दशकात आयातीची दारे उघडली, चीनचे स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले आणि हा कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला. 2016 साली देणी भागविण्याकरिता त्याची जास्तीची जमीन विकण्याचा निर्णय केंद्र सरकारला घ्यावा लागला. आणि नियतीचा खेळ पाहा! 2020 साली महामारी आली तेव्हा ह्याच पेनिसिलिनच्या मूळ द्रव्यासाठी आपण परदेशाच्या तोंडाकडे पाहत आहोत, हे सरकारच्या ध्यानी आले आणि ते देशात बनवावे म्हणून प्रोत्साहनाची योजना काढावी लागली. मोडलेली विद्या पुन्हा उभारावयाची, तर ती दुप्पट महाग पडते.

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईची दाटी कमी व्हावी, उद्योग घाटावर यावेत, हा हेतू. जमीन, पवनेचे पाणी, वीज व रस्ता ह्यांची सोय झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही गावे शेताशिवारांतून उठून शहर बनली. 1970 साली त्यांची नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. परंतु केवळ सोयींनी हे घडले, असे समजणे चुकीचे होईल. टेल्कोने साठीच्या दशकात येथे पाय रोवला, पण पुण्याच्या कारखान्यातून पहिले वाहन निघाले ते 1977 साली! मधल्या वर्षांत सुमंत मूळगावकरांनी यंत्रे आणि साचे बनविण्याचा विभाग उभारला, तरुण शिकाऊ घेऊन त्यांचे हात तयार करविले. आधी कारागीर आणि मग गाडी, असा तो क्रम होता.

बजाजची कथा ह्याच जातीची. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर ती स्कूटर बनवीत असे. 1971 साली करार संपला. तोवर आकुर्डीचे हात शिकून तयार झाले होते. करार गेला, पण विद्या गेली नाही, आणि ‘चेतक’ घरोघर पोचली. पुढे ह्याच कंपनीने 2007 साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि ती कंपनी डबघाईस आली तेव्हा 2025 साली तिचा ताबाच घेतला. परवाना मागणारा उद्या मालक होऊ शकतो; मात्र मधल्या काळात त्याने शिकले पाहिजे.

1991 नंतर वारे फिरले. 2001 साली आयातीवरील संख्येची बंधने उठली. मोटारींत देशी भाग वापरण्याची आपली अट जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी त्याच वर्षी नियमबाह्य ठरविली. कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण आता मोटारींचे गाव झाले : 1999 साली बजाज, 2009 साली फोक्सवॅगन, पाठोपाठ महिंद्र.

ह्या काळातली दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहा. इंडिका मोटारीसाठी टाटांनी ऑस्ट्रेलियातील निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा करून पिंपरीस आणला आणि 1998 साली गाडी बाहेर काढली. तिकडच्या कामगाराचे गेले ते इकडच्याला मिळाले. दुसरे चित्र तळेगावचे. 2008 साली तेथे जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. 2017 अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबविले; मग निर्यातीपुरते काम चालले आणि डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबले. निर्णय सातासमुद्रापार झाला. चूल विझली ती मावळात. पुढे ती वास्तू ह्युंदाईने घेतली, यंत्रांना नवा धनी मिळाला. पण जुन्या कामगारांच्या वाट्याला कोर्टकचेऱ्या आल्या.

आणि 2025 साल तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. अमेरिकेने मोटारींच्या सुट्या भागांवर 25 टक्के जकात बसविली. चीनने दुर्मिळ धातूंच्या लोहचुंबकांची निर्यात रोखून धरली आणि मुठीत मावेल एवढ्या चुंबकावाचून विजेच्या चेतकचे उत्पादन अडले.

मग करावे काय? दारे बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. दारे उघडी होती म्हणूनच पेनिसिलिनही आले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली डेक्कन कॉलेजात सांगितले होते की, अर्थशास्त्राचे नियम देशकाल पाहून लावावेत. आमच्या देशकालाचा अनुभव एवढाच आहे की जमीन, पाणी आणि करमाफी ही सवलत दुसरे राज्यही देऊ शकते. शिकलेला हात रातोरात कोणी देऊ शकत नाही. आणि नेमका हाच हात आज आपण वाया घालवीत आहोत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला आयटीआयचा पोरगा चाकणला कंत्राटी म्हणून लागतो. सात महिने भरले की त्याला ‘ब्रेक’ मिळतो, मग दुसरे फाटक, दुसरे काम, पुन्हा पहिल्यापासून. अशाने फिटर कसा घडावा?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सरकारने सवलत द्यावी ती किती एकर घेतले हे पाहून नव्हे, तर किती हात कायम केले आणि किती शिकविले हे पाहून द्यावी. भोसरीच्या लहान कारखानदाराला परवडेल अशी सामाईक टूलरूम आणि चाचणी-प्रयोगशाळा वसाहतीत असावी. आणि कारखाना बंद करण्याचा विचार असेल, तर तो कामगाराला वर्तमानपत्रातून कळू नये. जगाचा बाजार आपल्या हाती नाही, हे खरे. पण वारे फिरेल त्या दिवशी आपल्यापाशी काय शिल्लक असावे, हे ठरविणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.