राजगडावरील ‘सदर’ : एक स्थलविचार

मार्गासनीहून गुंजवण्याच्या वाटेनें राजगड चढून पद्मावती माचीवर गेलें, म्हणजे रामेश्वराच्या देवळावरील पायऱ्यांच्या उजव्या हातास एक वास्तु दाखविण्यांत येते. हीच शिवछत्रपतींची ‘सदर’, त्यांच्या प्रधानमंडळाचें कार्यस्थान, असें सांगतात. कित्येक अभ्यासकांच्या मतें मात्र हें तटसरनौबताचें घर होय. या वादाचा निर्णय केवळ नांवावरून करूं नये, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम काळ पाहूं. राजधानी राजगडीं असतां पेशवे, मुजुमदार, सुरनीस, डबीर हे हुद्दे होतेच. परंतु अष्टप्रधानांची पूर्ण मांडणी व त्यांची संस्कृत नांवें इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं रायगडीं ठरलीं. सुरनीस अण्णाजी दत्तो हे सचिव झाले ते तेव्हां. सबब ‘येथें अष्टप्रधान बसत’ ही कथा कालविपर्यस्त ठरते.

आतां शब्द. ‘सदर’ हा मूळ अरबी. अर्थ छाती, त्यावरून अग्रस्थान. मराठींत राजाच्या कचेरीप्रमाणेंच साध्या वाड्याच्या दर्शनी बैठकीसही सदरच म्हणतात.

तिसरा पुरावा रचनेचा. पुढें ओटी व मागें दालनें ही मांडणी घराची आहे. राजमंदिरावांचून गडावर थोर इमारतीचें घर बांधूं नये, असें आज्ञापत्रांत बजावलें आहे. तो ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभींचा असला, तरी ही बेताची वास्तु त्या शिस्तीस धरून दिसते.

यावरून आम्हांस असें वाटतें, कीं घर अंमलदाराचें व सदर त्याच्या ओटीची. म्हणजे नांव खोटें नाहीं. त्याचा अर्थ मात्र फुगविला गेला. महाराजांची खरी बैठक राजवाड्याच्या जोत्यांपाशींच शोधिली पाहिजे. नाहींतर उभ्या वास्तूस नमस्कार घडेल आणि खरें स्थळ गवताखालीं राहील.

भोर संस्थान इ. स. १९४८ त विलीन होईपर्यंत हा गड पंतसचिवांकडे होता. म्हणून या मावळांतील जुने रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांस आमची विनंती, कीं डागडुजीची याद किंवा गडकऱ्यांची हजेरी क्षुल्लक समजून टाकूं नये. ज्या सनदेवर मोर्तब आहे ती सर्वच जपतात. या प्रश्नाचा निकाल एखाद्या सुताराच्या मजुरीच्या ओळींत असावयाचा.