एपीआय डॉक्युमेंटेशनमधील एकाची चूक

एकाची चूक, म्हणजेच ऑफ-बाय-वन, हा मोजणी, अनुक्रमांक किंवा मर्यादा एकाने मागेपुढे होण्याचा संगणकीय दोष. तो हिशेबातला हलगर्जीपणा मानला जातो. वस्तुतः दोन मोजपद्धतींच्या सांध्यावर तो उपजतो. रत्नागिरी-गणपतीपुळे सागरी मार्गावरील आरे-वारे येथे पुळणी दोन आणि त्यांना विभागणारा डोंगर एक. तिथल्या सुरूच्या बनातील दहा झाडांची एक रांग धरली, तर मधली अंतरे नऊच भरतात. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दिवस सात, तरी मराठी माणूस ‘आठ दिवसांनी’ म्हणतो, कारण तो आजचा दिवसही धरतो. यांपैकी कोणतीच मोजणी चुकीची नाही; काय धरले ते न सांगणे चुकीचे.

जावाडॉक, डॉक्सिजन, स्फिंक्स ही साधने कोड व त्यातील टिपणांवरून एपीआय डॉक्युमेंटेशनची पाने तयार करतात, आणि तिथे हे सांधे अनेक असतात. पायथनच्या एएसटी मॉड्यूलमध्ये ओळींचे क्रमांक १ पासून, तर ओळीतील स्थान ० पासून मोजले जाते. चाळिसावी ओळ शून्यापासून मोजणाऱ्या यादीत ३९ क्रमांकाच्या स्थानी असते. तोच आकडा दुव्यात गेला की वाचक एक ओळ वर उतरतो. जावामध्ये ‘कमळ’ या शब्दावर सबस्ट्रिंग(०, २) चालवल्यास ‘कम’ मिळते, कारण शेवटचे स्थान वगळलेले असते. टिपणात नुसते ‘० ते २’ लिहिले, तर वाचक पूर्ण ‘कमळ’ची अपेक्षा धरतो.

म्हणून दुरुस्ती तयार पानावर करून भागत नाही. पुढच्या निर्मितीत ती पुसली जाते. क्रमांक चुकला तर रूपांतर साधनात एकाच ठिकाणी करावे. मर्यादा चुकली तर मूळ टिपणात ‘शेवट वगळून’ असे स्पष्ट लिहावे. पहिले, शेवटचे आणि रिकामे अशी तीनही उदाहरणे तपासावीत. पायथनचे डॉकटेस्ट टिपणातील उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहते.

सर्वत्र शून्यापासूनच मोजावे, असा आक्षेप येतो. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये शून्यारंभाची आणि शेवट वगळण्याची बाजू मांडली. शेवटातून आरंभ वजा केला की थेट संख्या मिळते, हा त्या पद्धतीचा खरा गुण आहे. पण एडिटर वाचकाला ओळी १ पासूनच दाखवतात, त्यामुळे सांधा उरतोच. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, हा दुसरा आक्षेप. कोडमधील चूक चालवताना उघडी पडू शकते. डॉक्युमेंटेशनमधील चूक मात्र त्यावर विश्वासणाऱ्या प्रत्येकाच्या कोडमध्ये नव्याने लिहिली जाते.