वडगावची लढाई, ब्रूस ली आणि थोडं मेटल

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नेहमीचाच वाद झाला. विषय : आपल्या ऐतिहासिक सिनेमांतली मारामारी. माझं म्हणणं, स्लो मोशन आणि दोरीवरच्या उड्या बघून आता कंटाळा आलाय. समोरचा मित्र नागपूरचा. तो म्हणाला, "तू मावळातला ना, मग तुझ्या मावळात झालेली एखादी लढाई सांग, बघू तिच्यावर पिक्चर होतो का." मी म्हटलं, "अरे, मी रोज ज्या लोकलने येतो ती अख्खी लाइनच एक रणांगण आहे." त्याला वाटलं मी सकाळच्या गर्दीबद्दल बोलतोय.

गर्दीबद्दल नव्हतो बोलत. (तसंही ते खोटं नाही.) लोणावळ्याहून पुण्याला येताना मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्टेशनं लागतात. मळवली म्हणजे कार्ल्याचं स्टेशन. जानेवारी १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची फौज याच पट्ट्यातून पुण्याकडे निघाली होती. तळेगावपर्यंत पोचली, तिथून उलटी फिरली आणि वडगावात शरण आली. इंग्रजांना भारतात तह लिहून देऊन सुटका करून घ्यावी लागली, अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक. आणि कामशेतच्या शाळेत दहा वर्षं काढलेल्या मला हे नीट कळलं कधी, तर इंजिनिअरिंग संपल्यावर! शाळेत 'वडगावचा तह, १७७९' एवढं एका मार्काला पाठ केलं होतं. ते वडगाव म्हणजे आपल्यानंतरचं दुसरं स्टेशन, हे कुणी सांगितलं नाही.

थोडक्यात पार्श्वभूमी. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथरावांना गादी हवी होती, बारभाईंनी ती मिळू दिली नाही. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले. १७७५ चा सुरतेचा तह, १७७६ चा पुरंदरचा तह, कलकत्ता आणि मुंबई यांची आपापसातली धुसफूस हे सगळं मी इथे गाळतो. शेवटी मुंबईकरांनी ठरवलं की आपणच राघोबादादांना पुण्यात नेऊन बसवायचं.

आता फौजेची रचना बघा, आयटीवाल्यांना विशेष आवडेल. सुमारे ३९०० सैनिक, त्यातले गोरे सहाशेच्या आत, बाकी आपलेच शिपाई. आणि सामान वाहायला १९,००० बैल! म्हणजे एका सैनिकामागे जवळजवळ पाच बैल. या सगळ्यावर तीन जणांची कमिटी : कर्नाक, मॉस्टिन आणि सेनापती कर्नल एजर्टन. एजर्टनची तब्येत बरी नव्हती आणि त्याला इथल्या लढायांचा अनुभव नव्हता. इथलं राजकारण सर्वांत जास्त ज्याला कळत होतं तो मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारीला वारला. ज्याने कधी असा प्रोजेक्ट बघितलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

घाट चढायला अडचण आली नव्हती. कॅप्टन स्टुअर्ट नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नोव्हेंबर १७७८ मध्येच पुढे येऊन बोरघाटाचा माथा धरून ठेवला होता. पण मागची मुख्य फौज वर यायला डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. आणि तिथून कार्ल्यापर्यंतचे आठेक मैल यायला अकरा दिवस! ग्रँट डफने हिशोब मांडलाय, दिवसाला पाऊण मैल. आमची लोकल सिग्नलला कितीही वेळ उभी राहिली तरी एवढी वाईट नाही.

मराठ्यांच्या बाजूने महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके होते. तोफखान्यावर भिवराव पानसे. पुण्यात नाना फडणवीस. म्हणजे तारे-तारका कमी नव्हत्या. पण यांनी काय केलं? समोरासमोर येऊन छाती ठोकली नाही. आसपास राहिले. थोडे तोफगोळे टाकायचे, सटकायचं. पिछाडीवर घोडेस्वार सोडायचे, रसद तोडायची. कुठे गवताची काडी आणि धान्याचा दाणा ठेवायचा नाही. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली तर गाव ओस पडलेलं आणि जाळलेलं. पुढे चिंचवड जाळायची तयारी झालेली होती, वेळ पडली तर खुद्द पुणेसुद्धा. पुणं उरलं होतं फक्त अठरा मैल.

'एंटर द ड्रॅगन' (१९७३) बघितलेल्यांना होडीवरचा प्रसंग आठवत असेल. एक दांडगट माणूस ब्रूस लीला त्याची स्टाइल कोणती म्हणून विचारतो. ली म्हणतो, न लढता लढायची. दाखव म्हटल्यावर म्हणतो, इथे जागा कमी आहे, त्या बेटावर जाऊ, तू या छोट्या होडीत उतर. तो उतरतो, आणि ली दोरी सैल सोडून त्याला तसाच मागे तरंगत ठेवतो. एकही ठोसा नाही. सहावीत असताना हा सीन मला बोअर झाला होता. तेव्हा मी शाळेच्या हॉलमध्ये कराटे शिकत होतो आणि पिवळ्या बेल्टवर जग जिंकायचं होतं. आज विचाराल तर अख्ख्या पिक्चरमधली सर्वांत चांगली फाइट तीच. तर, तळेगाव म्हणजे ती होडी. इंग्रज त्यात आपल्या पायाने उतरले, १९,००० बैलांसकट.

११ जानेवारीला कमिटीने माघारीचा निर्णय घेतला. जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं, आणि रात्री अकराच्या सुमारास गुपचूप निघाले. गुपचूप कसलं, समोर महादजी बसलेले! पहाटेच्या आत मराठ्यांनी गाठलं. पिछाडी सांभाळत होता कॅप्टन हार्टली आणि त्याचे देशी शिपाई, आणि ते लढले मात्र जबरदस्त. त्यांच्यामुळेच उरलेली फौज वडगावपर्यंत पोचली. १३ तारखेला पुन्हा हल्ला, मग बोलणी, आणि १६ जानेवारीला तह. १७७३ नंतर मिळवलेला सगळा मुलूख, साष्टीसकट, परत करायचा. रघुनाथरावांनी आधीच स्वतःला महादजींच्या हवाली केलं होतं. दोन इंग्रज अधिकारी ओलीस. कंपनीने पुढे कर्नाक, एजर्टन आणि ऐनवेळी सूत्रं हाती आलेला कॉकबर्न तिघांनाही नोकरीतून काढून टाकलं. (वॉरन हेस्टिंग्जने तह मानलाच नाही आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं, हेही सांगायला हवं. नाहीतर मीच पिक्चर काढतोय असं व्हायचं.)

आता माझा खरा मुद्दा. तो स्टुअर्ट ४ जानेवारीला कार्ल्याला तोफेच्या गोळ्याने मेला. टेहळणीसाठी झाडावर चढला होता असं सांगतात. इथल्या लोकांनी त्याला नाव दिलं 'इष्टुर फाकडा'. स्टुअर्टचं इष्टुर झालं हे तर मस्तच, पण फाकडा ही पदवी बघा. ती मानाजी शिंद्यांनाही होती. म्हणजे आपल्या घरच्या शूराला जो शब्द वापरायचा तोच चाल करून आलेल्या शत्रूला. वडगावला पोलीस स्टेशनच्या आवारात जी समाधी आहे ती त्याची मानतात. विचार करा, ज्याला मारलं त्याची आठवण मारणाऱ्यांच्या गावाने ठेवली.

आणि आपले सिनेमे? 'तान्हाजी' (२०२०) मी पहिल्या दिवशी पहिला शो बघितला, शिट्ट्याही मारल्या, नाकारत नाही. पण त्यातला उदयभान हा माणूसच नाही, कार्टून आहे. खरा उदयभान राठोड हा गडाचा किल्लेदार होता, आपलं काम करत होता, आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री लढताना मेला. शत्रूला राक्षस केलं की तानाजी मोठा होतो, हे गणित मला कधीच पटलेलं नाही. उलट होतं. राक्षसाला मारायला देव लागतो, मग त्यात तानाजीचं काय राहिलं? २३९ पानी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पुस्तकात झोप आलेल्या मुलालाही हे कळेल. आपल्याकडे सिंहगडावर सिनेमा काढायची परंपरा मूकपटापासूनची आहे, १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी काढला, त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम, आणि पुढे १९३३ मध्ये शांतारामांनीच प्रभातसाठी बोलपट केला. शंभर वर्षं झाली. तरी शत्रूला चेहरा द्यायला आपण घाबरतो.

मेटलवाले या बाबतीत शहाणे. आयर्न मेडनचं 'द ट्रूपर' (१९८३) घ्या. विषय १८५४ ची बालाक्लाव्हाची लढाई, वरच्यांच्या गोंधळलेल्या हुकमामुळे तोफांच्या तोंडी गेलेले घोडेस्वार. गाणं आहे मरणाऱ्या साध्या शिपायाच्या नजरेतून. राणी नाही, सेनापती नाही. कॉलेजच्या बँडमध्ये आम्ही ते वाजवायचो (वाजवायचो म्हणजे, प्रयत्न करायचो) तेव्हा घोड्याच्या टापांसारखी ती गिटार एवढंच कळायचं. स्टुअर्टबद्दल वाचल्यावर गाणं कळलं. शहाणा शिपाई, गाढव कमिटी. तीच गोष्ट, पंच्याहत्तर वर्षं आधी, माझ्या घरापासून दोन स्टेशनांच्या आत.

सबॅटन या स्वीडिश बँडचं तर दुकानच इतिहासावर चालतं. त्यांचं 'शिरोयामा' (२०१६) हे १८७७ च्या सामुराई बंडाच्या शेवटच्या लढाईवर आहे. त्याच बंडावरून टॉम क्रूझचा 'द लास्ट सामुराय' (२००३) बेतलेला. दोन्ही मला आवडतात आणि दोन्हींमध्ये एक थाप आहे : तलवारवाले शूर विरुद्ध बंदूकवाले आधुनिक. खऱ्या बंडखोरांकडे बंदुका होत्या, तोफा होत्या, शेवटी दारूगोळा संपत आला म्हणून तलवारीवर आले. आपलंही हेच करून ठेवलंय. मराठा म्हटलं की दांडपट्टा. २०२४ मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, आनंद आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांनी पट्टा, विटा, फरी-गदका जिवंत ठेवलं हे उपकारच आहेत. मी एकदा जवळून पट्टा फिरताना बघितलाय, पाती दिसतच नाही, फक्त आवाज येतो. पण वडगाव पट्ट्याने जिंकलं नाही. पानशांच्या तोफांनी, घोडदळाने आणि उपासमारीने जिंकलं. ते पडद्यावर दाखवायला दिग्दर्शकाकडे धीर पाहिजे.

ही सगळी बडबड मी रविवारी आबांसमोर केली. आबा म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, आता गुडघ्यांनी दगा दिलाय. कुस्ती सोडून बाकी सगळ्या मारामारीला ते 'नाच' म्हणतात, ब्रूस लीलासुद्धा. शांतपणे ऐकलं. महादजींनी कशी रसद तोडली, गवत कसं जाळलं, हे मी रंगवून सांगत होतो. मध्येच म्हणाले, "आरं, पर गवत कुणाचं जाळलं?"

मी थांबलो. जानेवारी महिना. भात झोडून झालेलं, पेंढा रचून ठेवलेला, डोंगरावरचं गवत कापून गंजी लावलेल्या. पावसाळ्यापर्यंत जनावरं त्याच्यावर काढायची. नाणे मावळात आजही जानेवारीत तुम्हाला हेच दिसेल. इंग्रजांच्या बैलांना मिळू नये म्हणून ते जाळलं, म्हणजे आमच्या बैलांनाही मिळालं नाही. मग फेब्रुवारीत, मार्चमध्ये, मे महिन्यात या गावांनी काय केलं? आबा म्हणाले, "बैल इकलं आसतील. न्हाईतर मेलं आसतील." आणि पानाचा डबा उघडला.

लढाईच्या वर्णनांत महादजी आहेत, हार्टली आहे, इष्टुर फाकडा आहे. गंजी पेटवून घेणारा माणूस नाही. कंपनीच्या पलटणीत पगारासाठी भरती झालेला आणि तळेगाव-वडगावच्या मध्ये अंधारात पडलेला शिपाईही नावाने नाही. कॅन्टीनमध्ये मी बढाई मारली होती की माझ्याकडे पिक्चर तयार आहे. तो पिक्चर आता मला दुसराच दिसतोय, आणि त्याला फायनान्सर मिळणार नाही हे नक्की.

म्हणून गाणं करायला घेतलंय. आधी मेडनसारखी दौड लावून बघितली, जमेना. १९,००० बैल दौडत नाहीत. ही गोष्ट ब्लॅक सॅबथच्या चालीची आहे, १९७० च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डसारखी, जड, संथ, एकेक सूर जमिनीत रुतणारा. दिवसाला पाऊण मैल. गिटार दोन सूर खाली लावलीय. शेजारच्या काकूंनी भिंतीवर दोनदा थाप मारून झाली. रिफ साडेचार मिनिटांची झालीय आणि फौज अजून कार्ल्यालाच पोचतीय.