बोटांचे ठसे

मागच्या आठवड्यात आमच्या प्रोजेक्टवर जोरदार मीटिंग झाली. दोन सिस्टीम्स एकमेकींशी बोलत नाहीत, त्यामुळे युजरने एकीकडे दिलेली माहिती दुसरीकडे परत भरायची. शेवटी ठरलं काय? "भरेल की परत, दोन मिनिटांचं तर काम!" मीही मान डोलावली. मग शनिवारी निवांत वाचत बसलो असताना केंडल फ्रेडरिकची गोष्ट समोर आली, आणि ती 'दोन मिनिटं' काही डोक्यातून जाईनात.

केंडल मूळचा त्रिनिदादचा. पंधरा वर्षांचा असताना आईकडे अमेरिकेत, मेरीलँड राज्यात राहायला आला. मोठा झाल्यावर लष्कराच्या राखीव दलात भरती झाला. (हो, तिथे ग्रीन कार्डवरही भरती होता येतं.) काम काय, तर जनरेटर दुरुस्त करायचे. युद्धाच्या सिनेमात हा माणूस कधी दिसत नाही, पण वाळवंटातल्या तळावर रेडिओपासून दवाखान्यातल्या दिव्यांपर्यंत सगळं त्याच्या पान्यावर चालतं.

इराकला पाठवलं तेव्हा केंडल अमेरिकेचा नागरिक नव्हता. एरवी ग्रीन कार्डवाल्याला साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. पण जुलै २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढला होता, की ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रत्यक्ष सेवेत असलेल्या सैनिकांना थांबायची गरज नाही, लगेच अर्ज करा. म्हणजे नियम त्याच्या बाजूचाच होता. घोडं अडलं ते कागदपत्रांत.

इमिग्रेशन खात्याचं म्हणणं, बोटांचे ठसे द्यायला या. कुठे? तर मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरला. आणि हा बसलाय इराकमध्ये! आईने फोन करून सांगितलं, अहो तो युद्धावर आहे, कसा येणार? खरी मेख पुढेच आहे. भरतीच्या वेळी लष्कराने त्याचे ठसे घेतलेलेच होते! एकाच सरकारकडे, एकाच माणसाच्या त्याच दहा बोटांचे ठसे. फक्त दुसऱ्या खात्याच्या फायलीत.

शेवटी इराकमध्येच ठसे द्यायची सोय झाली. १९ ऑक्टोबर २००५ ला तो त्यासाठी लष्करी गाड्यांच्या ताफ्यातून निघाला आणि वाटेत रस्त्याकडेच्या बॉम्बस्फोटात गेला. वय २१. नागरिकत्व मिळालं, पण मरणोत्तर. जिवंतपणी जे ठशांवाचून अडलं होतं, ते मेल्यावर सुटलं.

त्याच्या आईने मात्र विषय सोडला नाही. मेरीलँडच्या सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी तो लावून धरला आणि २६ जून २००८ ला केंडलच्याच नावाच्या कायद्यावर बुश यांची सही झाली. सैनिकाने भरतीनंतर दोन वर्षांच्या आत नागरिकत्वाचा अर्ज केला, तर भरतीच्या वेळचेच ठसे इमिग्रेशन खात्याने वापरायचे. शिवाय एका वर्षाच्या आत, आधीपासून सरकारकडे असलेले ठसे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झटपट पाठवायची व्यवस्था उभी करायची. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटिग्रेशन! संसदेने कायदा करून सांगितलं, की बाबांनो, तुमचे डेटाबेस जोडा.

बग फिक्स व्हायला दोन वर्षं आठ महिने लागले.

त्या खात्यातल्या कुणाच्या मनात वाईट होतं असं मला वाटत नाही. टेबलामागच्या माणसाने नियमावर बोट ठेवलं असणार, बस. आपणही तेच करतो. जोडायचं काम आपल्याला अवघड जातं, म्हणून हेलपाटा समोरच्याच्या गळ्यात घालतो. तो कुठून येणार आहे, त्याचा रस्ता कसा आहे, हे आपल्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

असो. आमच्या युजरला काही युद्धभूमीवरून यायचं नाहीये. तरी सोमवारी तो विषय मीटिंगमध्ये परत काढणार आहे. शिव्या पडतील, पडू देत.