कुळवृत्तांतात नसलेली मुले

आमच्या ज्ञातीतील घराण्यांचे कुळवृत्तांत चाळताना एक उणीव नेहमी जाणवते. बारशापूर्वीच गेलेल्या बालकांची नोंद त्यांत नसते. घरातील वृद्ध स्त्रिया मात्र त्यांची संख्या बोटांवर मोजून सांगतात. दवाखान्याची पारख कशी करावी, हा प्रश्न आम्हांस याच उणिवेतून सुचला.

जुन्या चांदा जिल्ह्याचा पूर्वेकडील अरण्यप्रदेश १९८२ साली गडचिरोली या नावाने वेगळा जिल्हा झाला. आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारी दंडक आहे. परंतु केंद्राच्या वहीत जो रोगी तेथवर पोहोचतो तोच उतरतो. पावसाळ्यात नाला ओलांडता न आल्याने झोपडीतच दगावलेले अर्भक कोणी मोजावे?

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली तेथे गेले व त्यांनी ‘सर्च’ ही संस्था चालविली. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत घरोघरचे जन्म व मृत्यू टिपविले. तुलनेसाठी आणखी ४७ गावे घेतली. आरंभी दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ अर्भके पहिल्या २८ दिवसांतच जात. मग गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रीस ‘आरोग्यदूत’ नेमून तिच्या हाती वजनकाटा, तापमापक व औषधाची सुई दिली. मूल अंगावर पिईनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले, ही जंतुदोषाची लक्षणे तिने बाळंतिणीच्या खोलीतच ओळखावयाची. तिसऱ्या वर्षी मृत्यूंचे प्रमाण सुमारे २५ वर आले. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केले.

आम्हांस सुईइतकेच त्या ४७ गावांचे महत्त्व वाटते. ती नसती, तर मृत्यू उपायाने घटले की साल बरे गेले म्हणून, हे कोणी सांगावे? देणगी देताना आम्ही मात्र इमारतीची लांबीरुंदी व खाटा विचारीत आलो, हे कबूल केले पाहिजे.

२०११ साली केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात-सेवेची योजना आशा कार्यकर्त्यांकडे सोपविली. घरी जन्मलेल्या बालकास ४२ दिवसांत सात भेटी ठरल्या. भेटींचा आकडा कागदावर सहज भरतो. मूल जगले की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आमच्या यंदाच्या कुटुंबगणतीच्या तक्त्यात बारशापूर्वी निवर्तलेल्या बालकांसाठी एक रकाना ठेवला आहे. तो पुरुषांनी अंदाजाने न भरता घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारून भरावा, ही विनंती.