दार लोटून विचारलेला प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमाराला वडवणीत मुकादमाला विचारलं, यंदा ऊसतोडीची टोळी केवढी, तर तो माणसं सांगत नाही, कोयते सांगतो. बारा कोयते, वीस कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावाने मिळते, पैसे नवऱ्याच्या हातात पडतात, आणि मुकादमाच्या वहीत बायकोचं नाव बहुधा नसतंच. बीड-परळी रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती बालाघाटाचं कोरडवाहू रान. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ आली की आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ट्रक-ट्रॅक्टर निघतात. मागे पाच-सहा महिने म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि दारांची कुलपं उरतात.

जिथे नवरा-बायकोचं नातं हेच मजुरीचं एकक आहे, तिथे त्या नात्याच्या आतलं काही विचारायचं म्हटलं तर कुणी, कुणाला आणि कसं विचारायचं? लैंगिक आरोग्य आणि जोडीदाराविषयीचा मत्सर या विषयावरच्या संशोधनात स्वेच्छेने सहभागी व्हा, असं आवाहन एखाद्या विद्यापीठाच्या फलकावर लागलं तर शहरात त्याला माणसं मिळतात. वडवणीच्या बसस्थानकावर तोच कागद चिकटवला तर तो वाचणाऱ्या बाईकडे शेजारी उभा असलेला माणूस आधी बघेल. महाराष्ट्रात हे प्रश्न विचारायला लागून शंभर वर्षं होत आली. त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि बीडच्या बाईसाठी ते शिकणं तातडीचं आहे.

सुरुवात रघुनाथ धोंडो कर्व्यांपासून करावी लागते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं. १९५३ मध्ये कर्वे गेले तोवर हे मासिक चालू होतं. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाचकांच्या पत्रांचा. जे घरात कुणापाशी बोलता येत नव्हतं, डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं, ते वाचक लिहून पाठवत आणि कर्वे त्याला सरळ उत्तर देत. आजच्या भाषेत ते सगळे पत्रलेखक स्वयंसेवक होते. त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं, आणि आपल्या अडचणीला उत्तर मिळेल या भरवशावर ते लिहीत होते.

या भरवशाची किंमत कर्व्यांनी कोर्टात मोजली. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला तो थेट वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक शंका विचारत असतील तर त्यांना उत्तर देण्यात अश्लीलता कसली, हा त्या बचावाचा गाभा होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पण विचारणाऱ्याचा हक्क कोर्टासमोर मांडला गेला, आणि तो मांडणारा देशातला सर्वांत मोठा कायदेपंडित होता, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये.

त्याच दशकात मालवणचे गो. स. घुर्ये, मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक, यांनी मुंबईतल्या मध्यमवर्गीयांच्या लैंगिक सवयींची पाहणी केली. तो निबंध १९३८ चा. अमेरिकेत आल्फ्रेड किन्सेचा पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा ग्रंथ आला तो १९४८ मध्ये, दहा वर्षांनी. किन्सेच्या माणसांनी हजारो लोकांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. त्यावर मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९५२ साली एका सहकाऱ्यासोबत एक साधी शंका दाखवून दिली: अशा अभ्यासाला आपणहून पुढे येणारा माणूस मुळातच जास्त आत्मविश्वासाचा असतो. जो येत नाही त्याचं काय, हे आकड्यांत उतरत नाही. घुर्यांचा नमुना मध्यमवर्गाचा, किन्सेचे लोक बोलायला तयार असलेले. कोयत्यात अर्धी असलेली बाई या दोन्हींत कुठेच बसत नाही.

तिच्यासारख्या बाईपर्यंत पहिल्यांदा नीट पोचलं ते गडचिरोलीतलं काम. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक तरी आजार होता. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. यापूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जगभर कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमांना बाईचं गर्भाशय तेवढं दिसत होतं, तिचं दुखणं दिसत नव्हतं. या दोन खेड्यांनी ते दाखवलं.

तक्रार करणाऱ्या बायका ५५ टक्केच होत्या. बाकीच्या ४५ टक्के बायकांना आपल्याला काही होतंय असं सांगायचंच नव्हतं, आणि तरीही तपासणीत आजार निघाले. पांढरं जातं, कंबर धरते, अंगावरून जातं, हे बाईच्या जातीला असायचंच, अशी समजूत. म्हणजे नुसतं ‘ज्यांना त्रास आहे त्यांनी पुढे यावं’ म्हणून भागत नाही. आधी ऐकावं लागतं. राणी बंग यांनी बायकांचं हे बोलणं वर्षानुवर्षं ऐकलं, आणि त्यातून उतरलेल्या पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. संशोधकाच्या कामाला याहून नेमका मराठी शब्द नाही.

वडवणीपासून फार लांब नाही अशा शेजारच्या जिल्ह्यात याहून मोठं काम झालं. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदवही. पुढे १९९९ पासून त्यावेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियलच्या साथीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रचंड चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गटांत वाटलेले. कुणाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, कुणाची पेशींची, कुणाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी. २००९ मध्ये निष्कर्ष आले: विषाणूची एकदा तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्याचा कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. गरीब देशांतल्या तपासणीचं धोरण या खेड्यांतल्या बायकांच्या जोरावर बदललं.

चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना मात्र तपासणी मिळाली नाही. तपासणी कुठे होते ही माहिती त्यांना देऊन तुलनेसाठी बाजूला ठेवलं होतं. त्यावरून पुढे परदेशी डॉक्टरांनी आणि इथल्या कार्यकर्त्यांनी कडक टीका केली. ती टीका योग्य होती. संमतीच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या बाईला आपण कोणत्या गटात आहोत आणि त्याने आपल्याला काय मिळणार नाही, हे उमजलं होतं का, हा प्रश्न कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा आहे.

आणि इथेच मत्सर आत येतो. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो. तपासणीत तो निघाला असं घरी कळलं तर संशय कुणावर जाईल? पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास केला. वेश्याव्यवसायात नसलेल्या, बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या बायकांत १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची लागण सापडली. आजार नवऱ्याकडून आला होता, आणि गावात बोट दाखवलं जायचं बाईकडे.

मराठीत ‘सवतीमत्सर’ असा जोडशब्द आहे. बायकांचा मत्सर भाषेने असा शिक्का मारून ठेवलाय. पुरुषाच्या मत्सराला वेगळं नाव नाही, घरात त्याला ‘संशय’ म्हणतात. ‘तो संशय घेतो’, एवढंच. कायद्यानेही हाच भेद शंभर-दीडशे वर्षं पाळला. १८६० च्या दंडविधानातलं कलम ४९७ सांगत होतं की नवऱ्याची संमती असेल तर व्यभिचाराचा गुन्हा होत नाही. म्हणजे दुखावला जातो तो नवरा, बायको ही त्याची वस्तू. १९८५ साली न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने हे कलम टिकवलं, आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द करणाऱ्या पाच न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

संशयाचा प्रश्न सरकारी पाहणीत आधीच शिरला होता. मुंबईत १९५६ साली स्थापन झालेली देवनारची लोकसंख्याशास्त्राची संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून त्यात बाईला विचारलं जातं: तुम्ही परक्या पुरुषाशी बोललात तर नवऱ्याला मत्सर वाटतो का, राग येतो का? तो तुमच्यावर बदफैलीपणाचा आळ घेतो का? हे विचारण्याचे नियम कडक आहेत. एका घरात एकाच बाईला विचारायचं. दुसरं कुणी ऐकण्याच्या अंतरावर नको. कुणी आलं तर विषय बदलायचा, आणि एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली घालून दिलेल्या नियमांचा सूरही हाच आहे: विचारल्यामुळे त्या बाईला मार बसता कामा नये.

आता हे नियम घेऊन उसाच्या फडावर जाऊन पाहा. तिथली झोपडी, म्हणजे कोप: बांबूच्या चटया, पाचट, वर ताडपत्री, दाराच्या जागी जुनं लुगडं. शेजारची कोप चार हातांवर. पहाटे अंधारात तोडायला जायचं, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची, रात्री-अपरात्री वाहन आलं तर पुन्हा उठायचं. लोटून घ्यायला दारच नाही. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि त्याचे पैसे उचलीत वळते होतात. पाळीच्या दिवसांतसुद्धा खाडा परवडत नाही.

या खाड्याची गोष्ट २०१९ साली देशाने ऐकली. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात, हे वर्तमानपत्रांत आलं. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहाजणींत एक. अनेकजणी ऐन तिशीतल्या. पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेल्या, कर्करोग होईल अशी भीती घातली गेली, आणि कर्ज काढून पिशवी काढून आल्या. पुढे या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली ती या बायकांमुळे. गडचिरोलीने १९८९ साली सांगितलेलं दुखणं इथे तीस वर्षं औषधाविना राहिलं होतं.

त्या आकड्यांत एक जागा अजून रिकामी आहे. पिशवी काढल्यावर नवरा-बायकोच्या नात्याचं काय झालं? दुखतं म्हणून जवळ येऊ न देणाऱ्या बाईवर कुणाचं नाव घेऊन संशय घेतला गेला? ‘आता पोरं होणार नाहीत’ या मोकळीकीतून आळ वाढला की कमी झाला? याचा अभ्यास व्हायला हवा, आणि तो वडवणीसारख्या तालुक्यात व्हायला हवा.

तो करणाऱ्यांना मात्र एवढं सांगायला हवं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की निरक्षर माणसाची संमती तटस्थ साक्षीदारासमोर घ्यावी आणि त्याला कधीही माघार घेता यावी. जिने मुकादमाची उचल घेतली आहे तिच्या संमतीला मुकादम, त्याचा भाऊ किंवा गावचा पुढारी साक्षीदार चालणार नाही. संशोधनाचं नाव गावात ‘बायकांचं आरोग्य’ एवढंच असावं. बरोबर औषधं आणि तपासणारी डॉक्टर बाई असावी, कारण कर्व्यांच्या वाचकांप्रमाणे इथलीही बाई उत्तराच्या आशेनेच तोंड उघडेल. नवऱ्यांशीही बोलावं, पण दुसऱ्या घरच्या, दुसऱ्या दिवशी. आणि यायचं तर आषाढ-श्रावणात यावं. तेव्हा माणसं गावी असतात, आणि घराला दार असतं.